फिलर

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी ‘जुनी गाणी’ हा विषय काढतं, आणि मग सगळे तिशीतले म्हातारे एकदम भावूक होतात. बिनाका, अमीन सायानी, आजोबांचा मर्फी, झालंच तर पाडगावकर-खळे. मला या गप्पांचा मनापासून कंटाळा येतो. जुनं आवडतं म्हणून नव्हे हो, मलाही आवडतं. कंटाळा येतो तो यासाठी, की या सगळ्या आठवणींमध्ये गाणं म्हणजे गायक, गीतकार आणि फार तर संगीतकार. ज्या संगीतात कुणी गात नाही त्याची आठवण कुणालाच येत नाही. ते जणू कधी वाजलंच नाही.

वाजलं ना राव! रोज वाजलं. आपण त्याला ‘फिलर’ म्हणून सोडून दिलं.

फिलर म्हणजे काय, ते ज्यांनी आकाशवाणी ऐकली आहे त्यांना माहीत असेल. शेतीविषयक भाषण दोन मिनिटं आधी संपलं, बातम्यांना अजून वेळ आहे, मग मधल्या पोकळीत निवेदक एक वाद्यसंगीताची तबकडी लावायचा. व्हॅन शिप्लेंची इलेक्ट्रिक गिटार, इनॉक डॅनिअल्स यांचं अकॉर्डियन (हे तर आपले पुण्याचे), सुनील गांगुलींची हवाईयन गिटार, मास्टर इब्राहिम यांचं क्लॅरिनेट. बातम्यांची वेळ झाली की धून जिथे असेल तिथे आवाज खाली ओढायचा. नाव सांगायचं नाही. आमच्या धंद्यात याला पॅडिंग म्हणतात, म्हणजे डेटा कमी पडला की उरलेल्या जागेत शून्यं भरायची. फरक एवढाच, की इथे शून्याच्या जागी हाडामांसाचे वादक होते.

आता मूळ मुद्दा. गेल्या डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाला गडचिरोली जिल्ह्यात गावी गेलो होतो. वडशापासून पुढे तासाभरावर. (स्टेशनवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. असो.) वरात निघाली. बँडने काय वाजवलं असेल? पहिलं ‘नागिन’, दुसरं ‘कम सप्टेंबर’. हसू नका. तुमच्याही लग्नात हेच वाजलंय.

जरा विचार करा, या दोन्ही धुना आहेत काय. १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी ही मुळात पुंगीच नाही. संगीतकार हेमंतकुमार, पण तो आवाज काढला कल्याणजींनी क्लॅव्हायोलिनवर, जोडीला रवींची हार्मोनियम. क्लॅव्हायोलिन म्हणजे १९४७ च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झालेलं, व्हॉल्व्हवर चालणारं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य. हेच वाद्य पुढे १९६२ साली ब्रिटनच्या ‘द टोर्नेडोज’नी ‘टेलस्टार’ या धुनेत वापरलं आणि ती धून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तोपर्यंत एकाही ब्रिटिश बँडला ते जमलं नव्हतं, बीटल्सचं तर अजून नावही तिकडे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे ज्या आवाजासाठी इंग्रज टाळ्या घेत होते, तो आपण आठ वर्षं आधीच वाजवून, रुमाल तोंडात धरून, रस्त्यावर लोळून मोकळे झालो होतो!

आणि ‘कम सप्टेंबर’? १९६१ चा रॉक हडसन आणि जीना लोलोब्रिजिदाचा सिनेमा, धून बॉबी डॅरिनची. सिनेमा आज कुणाला आठवत नाही. धून मात्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक ऑर्केस्ट्राने, प्रत्येक बँडने पिढ्यान् पिढ्या वाजवली. १९९५ च्या ‘राजा’ सिनेमात तिच्यावर शब्द चढवून एक गाणं झालं. आता गंमत बघा. ते शब्दवालं गाणं एफएमवर आजही लागतं. मूळ धून मी एफएमवर आयुष्यात एकदाही ऐकलेली नाही. मी एका स्टेशनला तशी मेलसुद्धा टाकली होती. उत्तर आलं: ‘सर, आमच्या फॉरमॅटमध्ये इन्स्ट्रुमेंटल बसत नाही.’

फॉरमॅट! इथे माझी सटकली.

हा फॉरमॅट काय असतो, ते आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. म्युझिक शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर असतं, त्यात प्रत्येक गाण्याला टॅग: साल, मूड, टेम्पो, गायक, सिनेमा, नट. त्यावर नियम, की तासाला अमुक नवी, तमुक जुनी, एका आवाजाची दोन गाणी लागोपाठ नकोत. ज्याला गायक नाही त्याचा रकाना रिकामा, आणि रिकाम्या रकान्याचा रेकॉर्ड क्वेरीत येतच नाही. ‘लोकांना आवडत नाही’ हा निष्कर्ष त्यानंतर काढायचा. जे कधी लावलंच नाही ते आवडत नाही हे कळलं कसं? असला टेस्ट रिपोर्ट मी माझ्या मॅनेजरला दाखवला तर तो मला दारातून हाकलेल.

आणि हे काही एफएमवाल्यांनीच सुरू केलेलं नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी घातली होती. १९५२ मध्ये माहिती-नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे आपलाच मराठी माणूस, त्यांनी सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं. लोक उठून रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. केसकरांवर भरपूर विनोद झाले आणि ते योग्यच होते. पण एक सांगू? केसकरांना निदान वाटत होतं की श्रोत्याला अवघड गोष्ट ऐकवली तर तो ती शिकेल. आजच्या प्रोग्रॅमिंग हेडला वाटतं की आठ सेकंद कुणी गायलं नाही तर तो बटण दाबून पळेल. दोघांपैकी कोण श्रोत्याचा जास्त अपमान करतं, ते तुम्हीच ठरवा.

अमेरिकेतही शहाणपण फार नव्हतं. १९५८ मध्ये लिंक रे या गिटारवाल्याची ‘रंबल’ नावाची धून आली. अँप्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडून त्याने तो फाटका आवाज काढला होता. काही शहरांतल्या रेडिओंनी तिच्यावर बंदी घातली, पोरं मारामाऱ्या करतील म्हणून. एक अक्षर नाही त्यात! तरी मी म्हणतो बंदी परवडली. बंदी घालणाऱ्याने निदान ती पूर्ण ऐकली होती.

‘पण आपलं मराठी संगीत शब्दप्रधान आहे’ असं एक मित्र म्हणाला. यशवंत देवांचा दाखला दिला. देवांबद्दल मला आदर आहे. ते भावगीताबद्दल बोलत होते आणि तिथे ते शंभर टक्के बरोबर होते. पण तो नियम कोथरूडच्या दिवाळी पहाटेसाठी ठीक आहे, गडचिरोलीत त्याचं काय करायचं? आमच्या जिल्ह्यात गोंडी आहे, माडिया आहे, झाडीबोली आहे, सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, छत्तीसगडच्या हद्दीला छत्तीसगढी. सगळ्यांना एकाच वेळी ऐकवता येईल असं शब्दांचं गाणं आणायचं कुठून? लहानपणी आमच्याकडे मीडियम वेव्हवर दिवसा नागपूर लागायचं आणि रात्री रायपूर. (रात्री आयनोस्फिअरवरून लहरी परततात म्हणून. तेव्हा मला ती आजोबांची करामत वाटायची.) शेजारच्या तेलुगू काकू आणि आमची आजी, दोघी एका ओसरीत तांदूळ निवडत ऐकत बसायच्या. भाषणाच्या वेळी बोलत राहायच्या, अकॉर्डियन लागलं की दोघी गप्प.

लग्नाच्या दुसऱ्या रात्री गावात झाडीपट्टीचं नाटक होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: दिवाळीनंतर होळीपर्यंत सीझन, वडशात कंपन्यांची ऑफिसं, रात्री नऊ-दहाला पडदा आणि पहाटे घरी. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यातल्या लोकांनी गूगल केलं. रंगमंचापुढे वादक बसतात. पूर्वी ऑर्गन असायचा, आता कीबोर्ड, तबला, ऑक्टोपॅड. माणसं बैलगाड्यांतून, ट्रॅक्टरमधून येत होती, मंडप भरायचा होता, आणि तो कीबोर्डवाला वीस-पंचवीस मिनिटं एकटाच वाजवत होता. नाट्यपद, मग नागिन, मग नेमकं ‘कम सप्टेंबर’. मंडपात हजारभर माणसं असतील. एकही उठून गेला नाही. बटण नव्हतं म्हणून म्हणा हवं तर.

पहिला अंक संपल्यावर चहाच्या टपरीवर त्याला गाठलं. पन्नाशीचा माणूस.

‘काका, ते कम सप्टेंबर कुठं शिकलात?’

‘वस्तादानं शिकवलं ना बाप्पा. त्याहीनं रेडिओवर आयकलं होतं. बातम्याच्या आंधी लागे म्हने.’

‘कुणाचं आहे माहीत आहे का?’

‘रेडिओवाल्यानं नाव सांगतलं असतं तं माहीत रायलं असतं.’

मी मोबाइलवर बॉबी डॅरिनची मूळ धून काढून त्याच्या कानाला लावली. पूर्ण ऐकली त्याने, चहा हातात तसाच. मग म्हणाला, ‘मधातला एक सूर आमी इतके वर्सं चुकीचा लावतो ना’, आणि कप ठेवून दुसऱ्या अंकाला पळाला. अंकाच्या आधी त्याने ती धून पुन्हा वाजवली. तो सूर या वेळी बरोबर लागला. शेजारचे एक मामा मला म्हणाले, ‘बिघडवलं ना बे यानं.’