तुरुंगातला धम्म आणि सुटकेचा अर्ज

तुरुंगात शिक्षा भोगत असताना कैद्याने धर्म बदलला, तर त्याला शिक्षेत सूट मिळावी का? चंदगडच्या आमच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने हा प्रश्न टाकला आणि तासभर कोणी जागचे हलले नाही. काहींचे म्हणणे असे पडले की, ज्याने त्रिशरण-पंचशील घेतले तो माणूस बदललाच. मग शासनाने त्याची दखल का घेऊ नये? त्यावर दुसरा प्रश्न आला. तुरुंगात एखाद्याने माळ घातली, नाहीतर बाप्तिस्मा घेतला, तर त्यालाही तुम्ही हाच न्याय लावणार काय? यावर बैठक गप्प झाली.

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगतो. कैद्याला धर्म निवडण्याचा पूर्ण अधिकार आहे. कलम २५ तुरुंगाच्या दारात संपत नाही. पण त्या निवडीबद्दल एका दिवसाचीही सूट मिळता कामा नये. आणि हे आम्ही धम्मासकट सगळ्या धर्मांबद्दल म्हणतो.

असे म्हटले की लगेच अंगुलिमालाचे नाव पुढे येते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्याची कथा मुद्दाम घेतली आहे, आणि राजा पसेनदीने त्याला दंड केला नाही हेही खरे. पण आपले लोक ही कथा अर्ध्यावरच सोडतात. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. रक्तबंबाळ होऊन तो परत आला तेव्हा तथागतांनी त्याला सांगितले, सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. नगरातल्या लोकांना त्यांनी दोष दिला नाही. ज्यांच्या घरातली माणसे मारली गेली, त्यांचा राग दीक्षेने पुसला जात नाही, हे त्यांना ठाऊक होते.

याहून महत्त्वाची गोष्ट विनयपिटकातल्या महावग्गात आहे, आणि ती विहारांत फारशी सांगितली जात नाही. मगधाचा राजा बिंबिसार याने हुकूम काढला होता की, जो शाक्यपुत्रीय श्रमणांच्या संघात गेला त्याला कोणी हात लावायचा नाही. परिणाम काय झाला असेल? तुरुंग फोडून पळालेला चोर संघात आला. राजाने फरारी ठरवलेला आला. कर्ज बुडवणारा आला. त्याआधी तर रोगी माणसे जीवकाकडून फुकट उपचार मिळावेत म्हणून भिक्खू होत आणि बरे झाले की चीवर टाकून घरी जात. लोक कुरकुरू लागले. तेव्हा तथागतांनी एकामागून एक नियम केले: कुप्रसिद्ध दरोडेखोराला प्रव्रज्या द्यायची नाही, तुरुंग फोडून आलेल्याला नाही, फरारी गुन्हेगाराला नाही. यातला पहिला नियम तर अंगुलिमालाला पाहून लोक भेदरून पळाले त्या प्रसंगावरूनच झाला. म्हणजे धर्म स्वीकारून शिक्षा टाळता येते का, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी खुद्द बुद्धांपुढे आला होता आणि त्यांनी ते दार स्वतःच्या हाताने लावून घेतले. (त्याच यादीत कर्जदार आणि दास यांनाही मज्जाव आहे, आणि ते वाचताना आम्हाला बोचते. ज्यांना संघाची सर्वात जास्त गरज होती त्यांच्यापैकीच ते होते. त्यावर वेगळे लिहावे लागेल.)

आता शासनाच्या बाजूने पाहू. शासनाने धर्मांतराला सूट द्यायची ठरवली, तर कोणत्या धर्मांतराला देईल? मॅल्कम एक्स अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगात असताना नेशन ऑफ इस्लाममध्ये गेला. त्याने व्यसने सोडली, शब्दकोश उतरवून काढला, ग्रंथालय वाचून संपवायला घेतले. गोऱ्या तुरुंगाधिकाऱ्यांनी यासाठी त्याच्या पाठीवर थाप मारली असेल असे कोणाला वाटते का? बाहेर आल्यावर सरकारी गुप्तहेर आयुष्यभर त्याच्या मागावर राहिले. उलट टेक्सासमध्ये कार्ला फे टकर ही खुनाची कैदी तुरुंगात कट्टर ख्रिस्ती झाली, तेव्हा तिच्यासाठी पोपनेही विनंती केली. एरवी फाशीच्या बाजूने बोलणारे धर्मोपदेशकही तिच्यासाठी पुढे आले. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी तिला मृत्युदंड दिला गेला. त्या मृत्युदंडाला आमचा विरोध आहे. पण तिच्यासाठी जे धावले त्यातले किती जण तिने इस्लाम स्वीकारला असता तर धावले असते, एवढेच आम्ही विचारतो. राज्यकर्त्यांना आवडणारा धर्म घेतला तर सुधारणा, आणि न आवडणारा घेतला तर कट्टरता! तुरुंगाच्या फायलीत याहून वेगळे काही लिहिले जाणार नाही.

आणि आपल्या देशात सवलतीचा धर्म कोणता हे सांगायला अमेरिकेत जायची गरज नाही. मनुस्मृतीत ब्राह्मणाला देहान्ताऐवजी मुंडण सांगितले आहे. अपराध तोच, शिक्षा जन्म पाहून. १९२७ साली महाडला २५ डिसेंबरला जे जाळले गेले त्यात हेही होते. तरी १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा जन्मठेपेच्या कैद्यांना सोडले, आणि शिफारस करणाऱ्या समितीतले गोध्र्याचे आमदार सी. के. राऊलजी त्यांच्याबद्दल बोलताना ब्राह्मण असण्याचा आणि चांगल्या संस्कारांचा दाखला देऊन गेले. त्या खटल्याचा निकाल मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ साली दिला होता, म्हणून सुटकेचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सूट रद्द केली. न्यायालयाने अधिकाराच्या मुद्द्यावर निकाल दिला हे ठीकच. पण 'संस्कार' हा शब्द आमच्या कानात अजून आहे. आज जन्माच्या संस्काराला सूट मागितली जाते, उद्या घेतलेल्या संस्काराला मागितली जाईल. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एपुरू सुधाकर खटल्यात स्पष्ट सांगून ठेवले आहे की, माफीच्या निर्णयात धर्म, जात किंवा राजकीय निष्ठा यांना स्थान नाही. हा निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा.

मग सुधारलेल्या माणसाला काहीच मिळू नये का? असे आम्ही कुठे म्हणतो? १९८० च्या बचन सिंग निकालापासून फाशी देताना माणूस सुधारण्याची शक्यता तपासावी लागते. महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. एका लहान मुलाचे अपहरण आणि खून केल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या ज्ञानेश्वर बोरकरची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली जन्मठेपेत बदलली. गुन्ह्याच्या वेळचे त्याचे वय, तुरुंगातली अठरा वर्षांची वर्तणूक, तिथे घेतलेले शिक्षण आणि तिथे लिहिलेल्या कविता न्यायालयाने पाहिल्या. हे आम्हाला मान्य आहे. अठरा वर्षांची वर्तणूक कोणालाही तपासता येते, परीक्षेचा निकाल तपासता येतो. अंतःकरणातली श्रद्धा तपासायचे यंत्र कोणत्या अधीक्षकाकडे आहे? अर्थात कवितेबद्दलही आमच्या मनात एक शंका आहेच. आपल्या वस्तीतला जो गडी अंगठा उठवून आत गेला, त्याने कविता कुठून आणायची? त्याने आजारी सोबत्याची केलेली सेवा कोणत्या न्यायाधीशापुढे वाचून दाखवायची? ती कोणीतरी लिहून ठेवायला हवी, एवढीच मागणी आहे.

कोल्हापूरच्या लोकांना दयेचा अर्ज म्हटला की रेणुका शिंदे आणि सीमा गावित आठवतात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली, तेव्हा जिल्ह्यात संताप झाला. कारण काय होते? दयेच्या अर्जावर जवळजवळ आठ वर्षे झालेली सरकारी दिरंगाई. निकाल आवडो न आवडो, ते कारण दिवस मोजून सिद्ध करता येणारे होते. गुन्ह्याची भीषणता न्यायालयाने कमी लेखली नाही. त्या दोघींनी काय पूजा केली याची चौकशी कोणी केली नाही, करायलाही नको होती.

आणखी एक विसंगती पाहा. ओडिशाच्या १९६७ च्या कायद्यापासून शेजारच्या कर्नाटकाच्या २०२२ च्या कायद्यापर्यंत, धर्मांतरविरोधी कायद्यांत 'प्रलोभन' हा गुन्हा आहे. मिशनऱ्याने शाळेची फी भरली, औषध दिले, तर पोलीस दारात. मग धर्माच्या बदल्यात तुरुंगाचे दार उघडण्याएवढे मोठे प्रलोभन दुसरे कोणते? आणि ज्याच्या हातात किल्ली, त्याचाच धर्म वाढणार. आपल्या पोरांच्या बाबतीत याचा अर्थ काय होईल ते समजून घ्या. भारतातल्या दर चार कैद्यांपैकी जवळपास तीन कच्चे कैदी आहेत. त्यांच्यात दलित, आदिवासी, मुसलमान आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा जास्त आहेत. ज्याला जामीनदार मिळत नाही, चंदगडहून कळंब्याला भेटीला येण्याएवढे एसटीचे पैसे ज्याच्या म्हाताऱ्या आईकडे नाहीत, त्या पोराला कोणी सांगितले की, गळ्यातला निळा दोरा काढ, हे कर, ते म्हण, चार महिने कमी होतील, तर तो काय करील? आम्ही त्याला दोष देणार नाही. पण चौदा ऑक्टोबरला मिळालेली गोष्ट त्याच्याकडून अशा भावाने विकत घेतली जाईल. नागपूरला १९५६ साली लाखो लोक उभे राहिले तेव्हा त्यांना सूट मिळाली नव्हती. उलट बौद्ध म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान तर अजून दाराबाहेरच आहेत.

ज्यांना वाटते की श्रद्धा पाहून तुरुंग विरघळतो, त्यांनी तळोज्याचे फादर स्टॅन स्वामी आठवावेत. जन्मभराचे धर्मगुरू, कंपवाताने हात थरथरत, पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मागायलाही न्यायालयात जावे लागले. ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतच गेले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. कळंब्याच्या कैद्यांच्या हातचे लाडू अंबाबाईच्या प्रसादात गेले, तेव्हा वळणाऱ्या हाताची जात भाविकाने विचारली नाही. नोंदवहीला मात्र ती लागत होती. एक रकाना आता कुठे खोडला जातोय, आणि आपल्यातलेच काही जण धर्माचा रकाना सुटकेच्या फायलीत घालायला निघाले आहेत.

म्हणून आमच्या भागातल्या विहार समित्यांना आमचे सांगणे आहे. कैद्याच्या घरचे दीक्षेचा दाखला मागायला आले, तर तो जरूर द्या, तो त्याचा हक्क आहे. पण मुदतपूर्व सुटकेच्या अर्जाला जोडायला देऊ नका. त्याऐवजी त्यांच्याबरोबर वकिलाकडे जा. खटला चालू असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली जामीन मिळतो का ते विचारा. पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत आत काढल्यावर तो हक्क तयार होतो, आणि आपल्या कित्येक घरांना हे माहीतच नसते. शिक्षा लागली असेल तर तुरुंगातल्या कामाची, शिक्षणाची, वर्तणुकीची नोंद लेखी मागा. आणि ज्याच्या घरचा माणूस गेला, त्या घरी एकदा तरी जाऊन या. ते दारात उभे करणार नाहीत कदाचित. तरी जा.