विश्लेषण : हंगाम सर्वोत्तम, तरीही क्लब विक्रीला… व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सचे पुढे काय?

कॅनडातील व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स या फुटबॉल क्लबने २०२५च्या हंगामात मेजर लीग सॉकरच्या (एमएलएस) अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. त्याआधी लिओनेल मेसीच्या इंटर मायामीला दोनदा हरवून हा संघ उत्तर अमेरिका खंडाच्या चॅम्पियन्स चषकाच्या अंतिम सामन्यातही पोहोचला होता. देशांतर्गत कॅनेडियन चॅम्पियनशिप सलग चौथ्यांदा जिंकली, ती वेगळीच. क्लबच्या इतिहासात एमएलएसमधील असा हंगाम यापूर्वी कधी झाला नव्हता. मात्र हा संपूर्ण हंगाम खेळला गेला तो क्लब विक्रीला काढलेला असताना. मैदानावर यश मिळूनही क्लबचे त्याच शहरातील भवितव्य अनिश्चित का, आणि उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये असे का घडू शकते, याविषयी.

व्हाइटकॅप्सचा हंगाम किती वेगळा?

व्हाइटकॅप्स हे नाव १९७४पासूनचे. तेव्हाच्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये (एनएएसएल) या नावाच्या संघाने १९७९मध्ये विजेतेपद पटकावले होते. पुढे ती लीगच बंद पडली. एमएलएसमध्ये क्लबला प्रवेश मिळाला तो २०११मध्ये. त्यानंतरची बहुतेक वर्षे हा संघ गुणतालिकेच्या मधल्या किंवा खालच्या भागातच रेंगाळला. कधी बाद फेरी गाठायची आणि लवकर बाहेर पडायचे, असा शिरस्ता झाला होता.

२०२५मध्ये चित्र पालटले. ३४ साखळी सामन्यांत १८ विजय, ९ बरोबरी आणि ७ पराभव अशा कामगिरीसह संघाने ६३ गुण मिळवले. ही क्लबची एमएलएसमधील सर्वोच्च गुणसंख्या. पश्चिम विभागात सॅन डिएगो एफसीचेही तितकेच गुण होते, मात्र अधिक विजयांमुळे पहिले स्थान त्यांना मिळाले. साखळी फेरीतील अखेरच्या सामन्यात घरच्या मैदानावर एफसी डॅलसकडून झालेला पराभव व्हँकुव्हरला महागात पडला. सप्टेंबरमध्ये याच संघाने फिलाडेल्फिया युनियनचा ७-० असा धुव्वा उडवला होता. विशेष म्हणजे साखळीत सर्वाधिक गुण मिळवून ‘सपोर्टर्स शील्ड’ जिंकली ती त्याच फिलाडेल्फियाने.

या यशामागे कोण?

हंगामाच्या तोंडावर क्लबने प्रशिक्षक बदलला. जानेवारी २०२५मध्ये डेन्मार्कच्या यस्पर सोरेन्सन यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी नव्या खेळाडूंची मोठी खरेदी केली नाही. हाताशी असलेल्या संघालाच त्यांनी चेंडूवर ताबा ठेवून, प्रतिस्पर्ध्यावर त्याच्याच अर्ध्या भागात दडपण आणून खेळायला शिकवले. कर्णधार रायन गॉल्ड दुखापतीमुळे मार्चपासून अनेक महिने बाहेर होता. त्या काळात आघाडीपटू ब्रायन व्हाइट आणि मध्यरक्षक सबॅस्टियन बेरहॉल्टर यांनी भार उचलला. बचावपटू ट्रिस्टन ब्लॅकमन लीगमधील वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

ऑगस्टमध्ये थॉमस म्युलर दाखल झाला. बायर्न म्युनिचकडून १३ वेळा बुंडेसलिगा आणि जर्मनीकडून २०१४चा विश्वचषक जिंकलेला हा खेळाडू वयाच्या पस्तिशीत व्हँकुव्हरला आला, तेव्हा अनेकांना हा निवृत्तीपूर्वीचा फेरफटका वाटला. पण फिलाडेल्फियाविरुद्धच्या त्या ७-० विजयात त्याने तीन गोल केले. मात्र म्युलर येण्यापूर्वीच संघ घडला होता, हेही लक्षात घ्यायला हवे. खंडीय स्पर्धेची अंतिम फेरी त्याच्याविनाच गाठली गेली होती.

मेसीचा संघ दोनदा कसा हरला?

कॉन्ककॅफ चॅम्पियन्स चषक ही उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरेबियन देशांतील क्लबांची स्पर्धा. त्यात मेक्सिकन क्लबांचा वरचष्मा असतो. व्हँकुव्हरने मोन्तेरे आणि पुमास या दोन मेक्सिकन संघांना प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलांच्या निकषावर बाद केले. दोन्ही लढतींचा निकाल मेक्सिकोतील २-२ अशा बरोबरीने लागला. उपांत्य फेरीत इंटर मायामी समोर आली. घरच्या मैदानावर २-० आणि मायामीच्या मैदानावर ३-१ असे दोन्ही सामने व्हँकुव्हरने जिंकले. मेसी, लुइस सुआरेझ, सर्जिओ बुस्केट्स असे बार्सिलोनाचे माजी तारे असलेल्या संघावर एकूण ५-१ असा हा विजय होता.

या निकालाचे मोल पैशांच्या हिशेबातही समजते. खेळाडूंच्या संघटनेने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार २०२५मध्ये मेसीचे वार्षिक हमी वेतन सुमारे २ कोटी ४ लाख डॉलर होते. एमएलएसमधील बहुसंख्य क्लबांच्या संपूर्ण संघाचा पगारखर्च त्याहून कमी होता. अंतिम सामन्यात मात्र मेक्सिको सिटीत क्रूझ अझूलने व्हँकुव्हरला ५-० असे लोळवले. 

एमएलएस चषकाच्या अंतिम सामन्यात काय झाले?

एमएलएसमध्ये साखळीत अव्वल ठरणारा संघ लीगचा विजेता मानला जात नाही. त्याला सपोर्टर्स शील्ड मिळते. विजेता ठरतो तो त्यानंतरच्या बाद फेरीतून. व्हँकुव्हरने पहिल्या फेरीत डॅलसला हरवले. विभागीय उपांत्य सामन्यात सॉन ह्युंग-मिनच्या लॉस एंजलिस एफसीविरुद्ध २-० अशी आघाडी घेतली, पण सॉनने दोन गोल करून बरोबरी साधली. त्यातील दुसरा गोल भरपाई वेळेत झाला. ब्लॅकमनला लाल कार्ड मिळाले, आणखी एक खेळाडू जखमी झाला आणि अतिरिक्त वेळेच्या अखेरीस व्हँकुव्हरचे नऊच खेळाडू मैदानात होते. तरीही त्यांनी पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-३ अशी बाजी मारली. सॉनचा फटका गोलखांबाला लागला. बीसी प्लेस स्टेडियममध्ये त्या रात्री ५३ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. त्यानंतर सॅन डिएगोला त्यांच्याच मैदानावर ३-१ असे नमवून संघ अंतिम फेरीत गेला.

६ डिसेंबरला फोर्ट लॉडरडेल येथे पुन्हा इंटर मायामीशी गाठ पडली. स्वयंगोलमुळे पिछाडीवर पडलेल्या व्हँकुव्हरला अली अहमदने बरोबरी साधून दिली. त्यानंतर मेसीने रॉड्रिगो डी पॉल आणि तादेओ अयेंदे यांच्यासाठी गोलसंधी निर्माण केल्या आणि मायामीने ३-१ अशा विजयासह पहिल्यांदाच एमएलएस चषक जिंकला.

मग क्लब विक्रीला का?

डिसेंबर २०२४मध्ये, म्हणजे हा हंगाम सुरू होण्यापूर्वीच, क्लबच्या मालकांनी विक्रीचा निर्णय जाहीर केला. ग्रेग केरफूट, स्टीव्ह लुझो, जेफ मॅलेट आणि माजी बास्केटबॉलपटू स्टीव्ह नॅश हे चौघे मालक. विक्रीच्या प्रक्रियेसाठी गोल्डमन सॅक्सची नेमणूक झाली. क्लब व्हँकुव्हरमध्येच राहावा, अशी इच्छा मालकांनी व्यक्त केली. पण इच्छा ही अट नसते, हे चाहत्यांनाही ठाऊक आहे.

खरी अडचण स्टेडियमची आहे. बीसी प्लेस हे ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सार्वजनिक महामंडळाच्या मालकीचे. व्हाइटकॅप्स तेथे भाडेकरू. स्टेडियममधील खाद्यपेयांची विक्री, जाहिराती, खास कक्ष यांतून मिळणाऱ्या उत्पन्नावर भाडेकरूचा अधिकार मर्यादित असतो. प्रदर्शने, संगीत कार्यक्रम यांच्यासाठी तारखाही सोडाव्या लागतात. एमएलएसमधील बहुतेक क्लबांनी गेल्या दोन दशकांत २० ते ३० हजार क्षमतेची स्वतःची वा स्वतःच्या ताब्यातील स्टेडियमे उभारली. याचे कारण हेच. शहरातील हेस्टिंग्ज पार्क परिसरात नव्या स्टेडियमच्या शक्यतेबाबत क्लब आणि महापालिका यांच्यात बोलणी आहेत. परंतु बोलणी आणि बांधकाम यांच्यात बराच काळ जातो. तेवढा काळ तोटा कोण सोसणार, हा प्रश्न उरतोच.

जिंकल्यावर पैसा येत नाही का?

युरोपात येतो. तेथे वरच्या स्थानासाठी बक्षिसाची आणि प्रक्षेपणाची रक्कम वाढते, चॅम्पियन्स लीगचे दार उघडते. तळाला राहिल्यास संघाची खालच्या श्रेणीत पदावनती होते आणि उत्पन्न कोसळते. एमएलएसची रचना वेगळी आहे. येथे पदोन्नती नाही, पदावनतीही नाही. लीग ही एकच कंपनी असून क्लबांचे ‘मालक’ हे त्या कंपनीतील भागीदार आणि आपापल्या संघाचे चालक असतात. खेळाडूंचे करार लीगशी होतात, पगारखर्चावर मर्यादा असते. काही मोजक्या ताऱ्यांना त्या मर्यादेबाहेर पैसे देता येतात. डेव्हिड बेकहॅमला आणण्यासाठी २००७मध्ये हा नियम झाला. प्रक्षेपणाचे हक्क लीग एकत्रित विकते.

या रचनेमुळे वाईट हंगामाने क्लब बुडत नाही, तसाच चांगल्या हंगामाने तो श्रीमंतही होत नाही. क्लबच्या हाती उरतात ते तिकिटे, स्थानिक प्रायोजक, स्टेडियममधील विक्री आणि खेळाडूंची विक्री. यातील शेवटचा मार्ग व्हँकुव्हरला चांगला ठाऊक आहे. याच क्लबच्या अकादमीत घडलेला अल्फान्सो डेव्हिस २०१८मध्ये बायर्न म्युनिचकडे गेला, तो एमएलएससाठी त्या वेळचा विक्रमी व्यवहार होता. पण दरवर्षी डेव्हिस घडत नाही.

दुसरीकडे लीगमधील जागेची किंमत मात्र वाढतच गेली. व्हँकुव्हरने प्रवेशासाठी ३.५ कोटी डॉलर मोजले होते. २०२५मध्ये दाखल झालेल्या सॅन डिएगोला ५० कोटी डॉलर मोजावे लागले. म्हणजे क्लब चालवण्यात तोटा असला, तरी क्लब विकण्यात फायदा आहे. आणि खरेदीदार अन्य शहरातला असेल, तर त्याला संघापेक्षा त्या जागेतच अधिक रस असू शकतो.

यापूर्वी असे घडले आहे का?

घडले आहे, आणि तेही यशस्वी संघाच्या बाबतीत. सॅन होजे अर्थक्वेक्सने २००५मध्ये सपोर्टर्स शील्ड जिंकली. स्टेडियमचा प्रश्न सुटला नाही म्हणून हंगाम संपताच प्रशिक्षक आणि खेळाडू ह्युस्टनला हलवण्यात आले. ह्युस्टन डायनॅमो या नव्या नावाने त्यांनी २००६ आणि २००७ असे लागोपाठ दोन एमएलएस चषक जिंकले. सॅन होजेकडे राहिले ते नाव, रंग आणि इतिहास. त्या नावाचा संघ तेथे पुन्हा उभा राहिला तो २००८मध्ये.

कोलंबस क्रूची कहाणी उलटी आहे. २०१७मध्ये मालकाने संघ ऑस्टिनला नेण्याचा मनोदय व्यक्त केला. चाहते रस्त्यावर उतरले. ओहायो राज्याने आधीच केलेला एक कायदाही कामी आला. करदात्यांच्या पैशांची मदत घेतलेला संघ हलवायचा असेल, तर सहा महिन्यांची नोटीस आणि स्थानिकांना खरेदीची संधी द्यावी, असे हा कायदा सांगतो. अखेर स्थानिक खरेदीदार मिळाले, नवे स्टेडियम झाले आणि क्रूने २०२० व २०२३मध्ये चषक जिंकला. ऑस्टिनला स्वतंत्र संघ देण्यात आला. 

व्हँकुव्हरला स्वतःचाही अनुभव आहे. या शहराचा ग्रिझलीज हा एनबीए संघ २००१मध्ये मेम्फिसला गेला, तो परतलाच नाही.

भारतीय फुटबॉलसाठी यात काय?

पुणेकरांना हे प्रकरण अनोळखी वाटू नये. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९मध्ये बंद झाली आणि लीगमधील तिची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली. हैदराबादने २०२२मध्ये गोव्यात फातोर्डा येथे केरला ब्लास्टर्सला शूटआऊटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले. तरीही चार वर्षांच्या आतच हा क्लब आर्थिक ओढाताणीनंतर दिल्लीला गेला आणि त्याचे नावही बदलले. बालेवाडीतल्या प्रेक्षकाकडे उरली ती जुनी जर्सी.

बंद लीगमध्ये मालकाची गुंतवणूक सुरक्षित राहते, हे एमएलएसने तीन दशकांत सिद्ध केले. चाहत्याने गुंतवलेल्या वर्षांना मात्र असे कोणतेही संरक्षण नाही. बीसी प्लेसमध्ये २०२६च्या विश्वचषकाचे सात सामने होत आहेत. विश्वचषकासाठी स्टेडियम आणि सार्वजनिक पैसा उपलब्ध होतो, मग याच शहरात ५० वर्षे रुजलेल्या नावासाठी का नाही, हा प्रश्न व्हँकुव्हरमध्ये विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रांत, महापालिका आणि संभाव्य खरेदीदार यांच्याकडे आहे. म्युलर, व्हाइट आणि सोरेन्सन यांनी मैदानावर करण्याजोगे होते ते करून दाखवले आहे.