सूर्यास्तापूर्वीचे ताट

सुट्टीतील सहलीची तयारी घरोघरी महिनाभर आधी सुरू होते. गाडी ठरते, खोल्या राखून ठेवल्या जातात. फुलांच्या हंगामात कास पठारावर जायचे असल्यास प्रवेशाची नोंदणीही आगाऊ केली जाते. जेवणाचा विषय मात्र "तिथे गेल्यावर पाहू" एवढ्या एका वाक्यावर सोडून दिला जातो. या वाक्याची किंमत बहुधा घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला मोजावी लागते.

सांगलीच्या गावभागातील एक जैन कुटुंब नोव्हेंबर महिन्यात सातारा, मेढामार्गे महाबळेश्वरला गेले. मुक्कामी पोहोचेपर्यंत सायंकाळचे पाच वाजले. रात्रीचे जेवण साडेसातनंतरच मिळेल, असे तेथे समजले. आजींचा अनेक वर्षांचा रात्रिभोजनत्याग. "मला भूकच नाही रे, तुम्ही निवांत जेवा," असे म्हणत त्यांनी सूर्य मावळण्याआधी पेलाभर पाणी घेतले आणि जपमाळ हाती घेतली. आठ वाजता सर्वांची ताटे वाढली गेली. आजींच्या शेजारी बसलेल्या नातीच्या घशाखाली मात्र घास उतरेना.

यात दोष कोणाचा? उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराचे एक वेळापत्रक असते. दुपारची जेवणे तीन-साडेतीनला आटोपली की चुली विझतात, आचारी विश्रांती घेतात आणि रात्रीची तयारी सुरू होते. साताऱ्याच्या परिसरात नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आहार संपवण्याचा नियम काटेकोर पाळणाऱ्यांना सव्वापाचच्या आत जेवण उरकावे लागते. स्वयंपाकघर बंद असते नेमके त्याच वेळी. शिवाय कांदा-लसणाचा रस्सा मोठ्या पातेल्यात आधीच शिजवून ठेवलेला असतो. आयत्या वेळी त्यातून कांदा वेगळा काढता येत नाही. हेच दोन दिवस आधी कळले असते, तर चार माणसांची डाळ, भाजी आणि पोळ्या वेगळ्या करणे कोणत्याही आचाऱ्याला अवघड नव्हते.

म्हणून आगाऊ नोंदणी करताना केवळ माणसांची संख्या सांगून भागत नाही. "जैन जेवण" एवढे दोन शब्दही अपुरेच. घरोघरचे नियम निराळे असतात. वाळवलेली हळद आणि सुंठ बहुतेकांना चालते, ओले आले चालत नाही. कोणी बटाटा टाळतो, तर चातुर्मासात कोणी पालेभाजीही वर्ज्य करतो. त्यामुळे काय चालत नाही, किती जणांना आणि ताट किती वाजता हवे, या तीन गोष्टी स्पष्ट कळवाव्यात. तोंडी बोलण्यावर न थांबता त्याच संदेशाच्या रूपात पाठवाव्यात आणि उलट होकार मागवावा. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा आठवण द्यावी. व्यवहारात लेखी नोंदीला जे महत्त्व, तेच येथेही आहे. फोन घेणारा आणि चुलीपाशी उभा असणारा माणूस एकच असेल असे नाही.

या व्यवहाराची दुसरी बाजूही विसरता कामा नये. कुंभोज-बाहुबलीसारख्या तीर्थक्षेत्री जाताना आपण भोजनाची संख्या आधी कळवतो आणि वाटेत बेत बदलला की कळवायचे राहून जाते. वीस जणांसाठी शिजवलेले अन्न मग वाया जाते. ज्या समाजात ताटात कण न टाकण्याचे संस्कार लहानपणीच होतात, त्या समाजाला हे शोभत नाही. जेवण राखून ठेवणे हे दोन्ही बाजूंनी दिलेले वचन आहे. बेत रद्द झाल्यास तत्काळ कळवणे हा शिष्टाचार तर आहेच, अहिंसेच्या आचरणाचाही तो एक भाग आहे.

त्याच कुटुंबाने पुढील मे महिन्यात पुन्हा महाबळेश्वरचा बेत आखला. या वेळी नातीने आठ दिवस आधी फोन केला, संदेश पाठवला आणि आदल्या दिवशी खात्रीही करून घेतली. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, म्हणून साडेपाचची वेळ ठरली. वरण-भात, दुधीची भाजी आणि गरम पोळ्या, असे साधेच जेवण होते. आजींसह सर्व जण एका पंगतीला बसले. नंतर मंडळी सूर्यास्त पाहण्यासाठी मुंबई पॉइंटवर गेली. मागच्या खेपेस ज्या सूर्याकडे आजींनी उपाशीपोटी पाहिले होते, तोच सूर्य त्यांनी या वेळी नातीचा हात धरून, तो डोंगराआड जाईपर्यंत, स्वस्थ मनाने पाहिला.

सहलीच्या खर्चाच्या वहीत त्या फोनची नोंद कुठेही नव्हती.