मोटार कोणाच्या मापाची?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले आणि मोटारींच्या दुनियेतील चार मीटरची रेषा पुन्हा एकदा ठळक झाली. जिची लांबी चार मीटरच्या आत आहे आणि जिचे इंजिन पेट्रोलवर १२०० किंवा डिझेलवर १५०० घनसेंटिमीटरपेक्षा मोठे नाही, ती गाडी १८ टक्के करात. ही मर्यादा ओलांडणारी ४० टक्क्यांत. ही रेषा आजची नव्हे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क कमी करताना ती प्रथम आखली गेली. तेव्हापासून या देशातील मध्यमवर्गीय कुटुंबाची डिकीवाली मोटार कशी असावी हे त्या कुटुंबाच्या गरजेने ठरलेले नाही, रस्त्याच्या रुंदीने तर नाहीच नाही. ते ठरले महसूल खात्याच्या मोजपट्टीने. टाटांची इंडिगो २००८ साली शेपटी आखडून ‘सीएस’ झाली, मारुतीच्या डिझायरने २०१२ साली तोच मार्ग पत्करला, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक कारखानदाराने आपापली छाटलेली सेडान बाजारात आणली. जगात अन्यत्र ज्या जातीची मोटार कोणी फारशी बनवीत नाही, ती भारतात लाखांनी खपते. कारखानदारांच्या भाषेत याला ‘भारतीय बाजारपेठेशी जुळवून घेणे’ असे म्हणतात.

हा शब्दप्रयोग मुंबईच्या उपनगरांना नवा नाही. कुर्ल्याहून घाटकोपरकडे जाताना डाव्या हाताला जी उंच निवासी संकुले आणि मॉल दिसतात, त्या परिसरात अर्धशतकाहून अधिक काळ परदेशी मोटार भारतीय होत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, क्रायस्लरशी करार केला, आणि स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ साली, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्यापूर्वी शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून परदेशातून आलेले सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करीत होती. सुटे भाग जोडणे आणि मोटार बनविणे यांतील फरक भारत सरकारने १९५३ साली स्पष्ट केला. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, ज्यांच्यापाशी प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम असेल त्यांनीच येथे राहावे असे ठरले, आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी आपला गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. अमेरिकन धूड भारतीय खिशाला परवडणारे नव्हते, तेव्हा तिने तुरिनच्या फियाटचा हात धरला.

फियाट ११०० ही युद्धोत्तर इटलीतील साध्या कुटुंबाची मोटार. चार दारे, चार गिअर, मागच्या चाकांना गती, मागे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असल्यामुळे पुढेही सलग बैठक. १९६४ पासून कुर्ल्यात तिची ‘डिलाइट’ ही आवृत्ती बनू लागली. इटलीतील त्याच आवृत्तीला १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते; कुर्ल्याने जुने १०८९ घनसेंटिमीटरचेच ठेवले. इटलीने ११०० मालिका १९६९ साली पूर्णतः थांबविली. कुर्ल्यात मात्र फियाटचा परवाना संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, आणि २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली. जन्मभूमीत जी मोटार वस्तुसंग्रहालयात जाऊन तीस वर्षे झाली, तिच्यासाठी येथे गिऱ्हाईक रांगेत उभे होते.

या दीर्घायुष्याचे दोन अर्थ लावले जातात. उदारीकरणाचे भाट म्हणतात, परवाना-राज्याने ग्राहकाला कैद केले. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाई. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतींवर कायद्याने नियंत्रण आणले, त्यावर कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. बंद बाजारपेठेत नफा सुरक्षित असताना नवे इंजिन आखण्याचे कष्ट कारखानदाराने का घ्यावेत? संरक्षण समाजाने द्यावे आणि त्याचे फळ भागधारकाने खावे, अशी ही व्यवस्था होती. तिला समाजवाद म्हणणे हा समाजवादाचा अपमान होय.

परंतु दुसरा अर्थही आहे, आणि तो बाजारपेठेच्या पोथीत सापडत नाही. या मोटारीचे खरे भारतीयीकरण कारखान्याच्या संकल्पनकक्षात झाले नाही. ते झाले कुर्ल्याच्या लेथवर, भांडुप-मुलुंडच्या लहानमोठ्या शेडमध्ये आणि टॅक्सीच्या अड्ड्यावर. आयात केलेला एकेक भाग येथे ओतला, कातला, घासला जाऊ लागला तसतसे लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना अभियांत्रिकी धंद्यांचे जाळे पसरले. भांडुपची सिएट ही टायर-कंपनीदेखील मूळची तुरिनचीच. १९५८ साली ती भारतात उभी राहिली. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे या पट्ट्यात फिटर झाली, टर्नर झाली, साचे करणारी झाली. आणि टॅक्सीवाल्यांनी त्या गाडीला टपावर कॅरिअर दिला, बैठकांना रेक्झिन घातले, न्यायालयाने दट्ट्या लावल्यावर डिकीत सीएनजीची टाकी बसविली. कलकत्त्याने ऍम्बॅसॅडर स्वीकारली, मुंबईने फियाट. अंगाने लहान असल्याने ती दाटीतून वळे, आणि बिघडली तर कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री तिला तासाभरात रस्त्यावर आणी. या ज्ञानाचे पेटंट कोणी घेतले नाही, म्हणून त्याची किंमत कोणी धरली नाही.

येथे एका परकीय उदाहरणाचे स्मरण उपयुक्त ठरेल. १९६६ साली सोव्हिएत संघाने याच फियाटशी करार केला आणि इटालियन कम्युनिस्ट नेते तोल्याती यांचे नाव दिलेल्या शहरात प्रचंड कारखाना उभारला. मूळ गाडी होती फियाट १२४. सोव्हिएत अभियंत्यांनी ती आपल्या रस्त्यांवर तपासली आणि जशीच्या तशी घेण्यास नकार दिला. पत्रा जाड करविला, जमिनीपासूनची उंची वाढविली, मागचे डिस्क-ब्रेक चिखलात टिकत नाहीत म्हणून ड्रम-ब्रेक घातले. असे शेकडो फेरबदल झाल्यावर १९७० साली ती बाहेर पडली आणि पुढे लाडा या नावाने जगभर गेली. तेथील नागरिकालाही मोटारीसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागे, हे विसरून त्या राजवटीची आरती ओवाळण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच की, विकत घेणाऱ्यापाशी स्वतःचे अभियंते आणि सौदा करण्याची ताकद असली, तर जुळवून घेण्याचे काम विकणाऱ्याला करावे लागते. प्रीमियरनेही तीच १२४ अखेर आणली. ती आली १९८५ च्या सुमारास, ११८ एनई या नावाने, इटालियन सांगाडा आणि जपानी निसानचे इंजिन अशी मोट बांधून! तोवर मारुती रस्त्यावर आली होती.

१९९१ नंतर दारे उघडली. प्रीमियरने कल्याणच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजोशी संसार थाटला. प्यूजो १९९७ साली निघून गेली. कुर्ल्यात फियाट स्वतः परतली. उनोसाठी लोकांनी प्रचंड प्रमाणात आगाऊ पैसे भरले आणि गाड्यांची वाट पाहत बसले. मग १९९९ साली सिएना आली, आणि तिच्याबरोबर एक नवे तत्त्वज्ञान आले.

फियाटचा १७८ क्रमांकाचा प्रकल्प हा ‘जागतिक मोटारी’चा प्रकल्प होता. जग म्हणजे अर्थातच युरोप-अमेरिका वगळून उरलेले जग. १९९६ साली ब्राझीलमधील बेतीम येथे पालिओ ही गाडी निघाली. डिकीवाली सिएना पाठोपाठ अर्जेंटिनात आली. मग तुर्कस्तान, मोरोक्को, दक्षिण आफ्रिका, भारत, चीन असा विस्तार झाला. उत्तर कोरियातसुद्धा सिएनाचे सुटे भाग जोडून ‘हुइपाराम’ नावाची गाडी तयार करण्यात आली. म्हणजे कुर्ल्याचा कामगार आणि किम जोंग-इल यांचा कामगार काही काळ एकाच सांगाड्यावर स्क्रू पिळत होते. भांडवलाइतका आंतरराष्ट्रीयवाद अद्याप कोणत्याही इंटरनॅशनलला साधलेला नाही.

गाडी मजबूत होती. खराब रस्ते, निकृष्ट इंधन, पाच माणसे आणि सामान यांचा विचार करून ती आखली होती, आणि या बाबतीत तिने ग्राहकाला फसविले असे म्हणता येणार नाही. जे बदलले ते कारखान्याचे स्थान. पद्मिनीच्या काळी कुर्ला हे त्या मोटारीचे घर होते; आता ते डझनभर जोडणी-केंद्रांपैकी एक झाले. कोणत्या देशात किती गाड्या आणि कोणती आवृत्ती, हे तुरिनमध्ये ठरू लागले, आणि जी गोष्ट बारा ठिकाणी होऊ शकते ती अकरा ठिकाणीही होऊ शकते. फियाटने टाटांशी भागीदारी करून पुण्याजवळ रांजणगावला बस्तान हलविले. तेथून २००९ साली लिनिआ निघाली. तीही तुर्कस्तानात २००७ साली जन्मलेली आणि ब्राझीलमध्ये वेगळ्या इंजिनांनिशी विकली जाणारी. भारतासाठी तिचे पोट जमिनीपासून थोडे वर उचलले होते. आज तीही बनत नाही. आणि कुर्ल्याच्या जमिनीवर कोहिनूर सिटी उभी आहे.

मोटार प्रत्येक देशाच्या खड्ड्यांशी जुळवून घेते, करांशी घेते, उन्हाशी घेते. ती बनविणाऱ्या माणसाशी तिने जुळवून घ्यावे अशी अपेक्षा कोणी केली का? प्रीमियरच्या मोटार-उत्पादन विभागातील प्रोत्साहन वेतनाचा वाद १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका संघटनेने केलेला करार दुसरीच्या सभासदांना मान्य नव्हता. निकाल असा झाला की, औद्योगिक विवाद कायद्याने दिलेल्या हक्कासाठी कामगाराने दिवाणी न्यायालयाचे दार ठोठावू नये, त्याच कायद्याच्या वाटेने जावे. ती वाट सरकारी संदर्भपत्रातून जात असे, हे कामगार जाणतो. आजही कामगार-कायद्याच्या वर्गात हा खटला शिकविला जातो. कुर्ला-घाटकोपरचे नाव विधिशास्त्रात अमर झाले ते असे.

पुढे एकेक कारखाना आजारी पडू लागला. औद्योगिक जमिनीचे निवासी जमिनीत रूपांतर करण्यास १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने वाट ठेवली होती. कामगारांची देणी भागल्याबद्दल कामगार आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, अशी अटही त्यात होती. कागदावर ही अट उत्तम आहे. परंतु देणी म्हणजे काय, याचा हिशेब कोणी करायचा? थकलेला पगार आणि उपदान यांची बेरीज होते. पंचवीस वर्षांत बोटांत मुरलेल्या कसबाची होत नाही. चाळिशी उलटलेला साचेकार स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन बाहेर पडतो आणि त्याच मार्गावरच्या नव्या इमारतीत पहारेकरी म्हणून उभा राहतो. कमाल नागरी जमीनधारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला, तेव्हा घरे स्वस्त होतील असे आश्वासन होते. मुलुंडमध्ये किंवा अंधेरीत घर शोधणाऱ्या कोणालाही त्या आश्वासनाचे काय झाले ते विचारावे.

आता ग्राहकाकडे वळू. त्याच्यासाठी तरी हे जुळवून घेणे हिताचे ठरले काय? जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय लहान गाड्यांची धडक-चाचणी केली. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले. त्यांत अशीही गाडी होती जी युरोपात एअरबॅगसह विकली जाई आणि उत्तम गुण मिळवी. येथे जुळवून घेणे याचा अर्थ उघडच वजाबाकी असा होता. भारतीय ग्राहक किमतीला जपतो, सुरक्षिततेसाठी पैसे मोजीत नाही, हा कारखानदारांचा ठरलेला बचाव. जणू आपल्या बरगड्यांची किंमत युरोपियन बरगड्यांहून कमी, हे ग्राहकानेच ठरविले होते! चालकासाठीची एअरबॅग सक्तीची व्हायला १ जुलै २०१९ उजाडावे लागले, शेजारच्या प्रवाशासाठीची २०२१ साली आली. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा २०२२ मध्ये निघाला, पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये सोडून देण्यात आला. तेव्हाही कारखाने बंद पडतील अशी हाकाटी झाली होती. पण २०२४ साली नव्या डिझायरने, चार मीटरच्या आतच राहून, त्याच ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळविले. तेव्हा प्रश्न पत्र्याच्या लांबीचा नव्हता.

ज्या सरकारला मोटारीची लांबी मिलिमीटरपर्यंत मोजता येते, त्याला तिच्या मजबुतीवर करसवलत बांधता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशी चाचणी सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणून. १८ टक्क्यांची सवलत ज्या गाडीला हवी तिने ही चाचणी दिलीच पाहिजे, आणि एकच गाडी परदेशी पाठविताना व येथे विकताना तिच्यात काय फरक केला ते विक्रीच्या कागदावर मराठीत व अन्य भारतीय भाषांत छापले पाहिजे, एवढा नियम संसदेच्या एका अधिवेशनात होऊ शकतो. सवलत ही जनतेच्या तिजोरीतून जाते. तिच्या मोबदल्यात अट घालण्याचा अधिकार जनतेला आहे.

आणि ती तिजोरी कोणाची? बोरिवलीहून सकाळी चर्चगेट लोकल पकडणाऱ्या बहुसंख्य माणसांना चार मीटरची सेडानही कधी घ्यायची नाही. त्यांची मोटार म्हणजे बेस्टची बस. एके काळी चार हजारांहून अधिक असलेला बेस्टचा ताफा आज तीन हजारांच्याही खाली आला आहे, आणि त्यातही स्वतःच्या मालकीच्या बसगाड्या थोड्याच उरल्या आहेत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला झाली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने स्मरणरंजनाने भरून गेले. त्याच्या आदल्या महिन्यात बेस्टच्या जुन्या डबलडेकरही निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याही छायाचित्रांना भरपूर जागा मिळाली. त्यांच्या जागी किती नव्या बस येणार आणि कधी येणार, या प्रश्नाच्या वाट्याला मात्र तितकी जागा आली नाही. तो प्रश्न महापालिकेला विचारायचा आहे, आणि घाटकोपर आगाराबाहेरच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशांनी तो विचारला पाहिजे.