पेशी कोणाची?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने पेशीवर लेख लिहावा, हे पाहून काहींच्या भुवया उंचावतील. दहावीनंतर कला शाखेची वाट धरली की विज्ञानाशी आपला संबंध संपला, असे आपण गृहीत धरतो. पण शरीरातील पेशी शाखा पाहून काम करीत नाहीत. माझे स्पष्ट मत आहे, की पेशीचे प्राथमिक ज्ञान बी. ए.च्या विद्यार्थ्यालाही हवे. आणि ते परीक्षेसाठी नव्हे, घरासाठी हवे.

जुलाबाचेच उदाहरण घ्या. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या आळीत लहान मुलाला जुलाब लागले की आज्ञा सुटते, "पाणी देऊ नका, दिलेले सगळे बाहेरच पडते." ही आज्ञा देणारी आजी मुलाच्या वाईटावर नसते. डोळ्यांना दिसते त्यावरून ती बोलते; जे दिसत नाही, ते तिला कोणी सांगितलेलेच नसते.

न दिसणारी गोष्ट अशी. आतड्याच्या अस्तरातील पेशींना अतिशय पातळ पटल असते. काय आत घ्यायचे, काय नाही, याचा निवाडा तेथे होतो. मिठातील सोडियम आणि ग्लुकोज एकाच दाराने जोडीने आत शिरतात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. ही जोडी आत गेली की परासरणाने पाणीही मागोमाग जाते. पटकीचे विष पेशींना क्षार व पाणी बाहेर टाकायला लावते. पण जोडीचे हे दार मात्र उघडेच राहते.

१९७१ साली, बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात, बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा विरघळवलेले पाणी नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले!

कोणी म्हणेल, कृती पाठ केली की झाले : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. दुकानात ओआरएसची पुडीही मिळते. मग पेशी कशाला हवी?

कारण ठाऊक नसले की प्रमाण बिघडते, म्हणून हवी. मायेने साखर जास्त घातली, तर परासरणानेच पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. मीठ वाढले तर जिवाला धोका, आणि मीठच नसेल तर जोडी जुळत नाही. शिवाय अस्तरातील पेशी चार-पाच दिवसांत बदलतात. विभाजनाने नव्या तयार होतात. त्यांना पोषण लागते, म्हणून मुलाचे अन्नही तोडू नये. आणि आजीला हुकूम पटत नाही, कारण पटते. तिचीच मीठ घातलेली तांदळाची पेज हेच काम करते. पिठूळ भागाचे आतड्यात ग्लुकोजच होते. हे तिला सांगून पाहा. ती स्वतःच भांडे चुलीवर ठेवील.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी ग्रामसेवक. आईबाप तर बहुतेक होतील. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की विज्ञान शाखेच्या अध्यापकांना बोलावून दरवर्षी आपल्यासाठी चार व्याख्याने मराठीतून ठेवावीत. ऐकायला आम्ही येऊ. आणि ऐकलेले आमच्या आळीत पोहोचवणे, हे काम आमचे.

— द्वितीय वर्ष, कला