डहाणूचा साप, तामिळनाडूचं विष: सर्पदंशावरचं संशोधन कुठे अडलंय?

पावसाळा लागला की पालघर जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात: भाताची लावणी आणि सर्पदंश. दिवसा अनवाणी पाय चिखलात, रात्री अंथरूण जमिनीवर. मण्यार तर झोपेतच चावते, आणि अनेकदा दंशाची खूणही दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं, असं उद्दिष्ट २०१९ मध्ये ठरलं. भारतानेही २०२४ मध्ये असाच कृती आराखडा जाहीर केला. आपल्याकडे २००० ते २०१९ दरम्यान वर्षाला सरासरी ५८ हजार लोक सर्पदंशाने दगावले, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे.

यादीत नाव आलं की संशोधनाला पैसा मिळतो. तो कशावर खर्च व्हावा, हा खरा प्रश्न.

आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारच सापांसाठी बनतं. त्यासाठीचं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेकडून येतं. पण साप एकाच जातीचा असला तरी त्याचं विष प्रदेशानुसार बदलतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या चमूने दाखवलंय. हिरवा चापडा तर या चारांत नाहीच.

सुनगर यांच्याच चमूने अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेसोबत २०२४ मध्ये अनेक सापांच्या विषावर चालू शकेल अशी प्रतिपिंडं तयार केली. काम मोठंच, पण चाचणी उंदरांवरची. पालघरला एवढं थांबणं परवडणारं नाही.

बोईसर-तारापूरला निदान रेल्वे आणि दवाखाने हाताशी आहेत. मोखाडा-जव्हारच्या काही पाड्यांवरून मात्र आधी डोली, मग गाडी, आणि तेवढ्यात कुणीतरी भगताकडे नेलेलं असतं.

म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी डहाणूत केलेलं काम जास्त जवळचं वाटतं. त्यांनी उपजिल्हा रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या, सरकारी डॉक्टरांना उपचारपद्धती शिकवली आणि भगतांनाही सोबत घेतलं. यात बातमी होण्यासारखं फारसं नाही.

घोणस-फुरशाचं विष भिनलंय का, हे ओळखायला २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी पुरते. त्यासाठी लागते कोरडी, स्वच्छ काचेची नळी. प्लास्टिकची चालत नाही.