इमान कोणाचें?

"कुत्रा हा इमानी प्राणी आहे." हें वाक्य ज्यानें आपल्या वहींत कधीं लिहिलें नाहीं, असा विद्यार्थी आपल्या शाळेंत सांपडणें कठीण. सहामाही परीक्षेंत 'माझा आवडता प्राणी' हा विषय घातला कीं, निम्म्याहून अधिक मुलें कुत्र्यावरच लिहितात व बहुतेकांच्या निबंधाचा आरंभ याच वाक्यानें होतो. आज वीस वर्षें मी हे निबंध तपाशीत आहें. या वाक्याखालीं मीं कधीं तांबडी रेघ ओढली नाहीं, कारण वाक्य खरें आहे. परंतु गेल्या वर्षीं माझ्याच घरीं एक गोष्ट घडली, आणि तेव्हांपासून हें वाक्य वाचतांना माझ्या मनांत एक प्रश्न उभा राहूं लागला. कुत्रा इमानी असतो, हें ठरलें. पण त्याच्या धन्याचें काय? त्याच्या इमानाविषयीं निबंधांत अवाक्षरही नसतें. त्याचाच थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आमचें मुरुड हें दापोली तालुक्यांतील समुद्रकांठचें एक गांव. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण येथें गेलें, म्हणून तें पुष्कळांस नांवानें ठाऊक आहे. हल्लीं येथील लांबरुंद पुळण पाहण्यासाठींही लोक दुरून येतात. सुट्टीच्या दिवशीं पुण्या-मुंबईच्या मोटारी ओळीनें उभ्या राहतात आणि एखाद्या मोटारींतून दाट केंसांचा, बर्फाळ मुलुखांतील जातीचा कुत्रा खालीं उतरतो. त्याला समुद्राकडे पाठ करून बसवितात, डोळ्यांवर काळा चष्मा चढवितात, आणि मोबाईलवर छायाचित्रामागून छायाचित्र निघत राहतें. वैशाखांतली दुपार, पायांखालीं तापलेली वाळू, आणि तो मुका जीव जीभ बाहेर काढून धापा टाकीत असतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. धापा टाकूनच तो अंगांतली उष्णता बाहेर घालवितो. पाहणाऱ्यांस मात्र तो हंसत आहे असें वाटतें.

हें पाहून आपल्याकडील मुलेंही घरीं हट्ट धरतात. वडील कुठूनसें एक पिलू आणतात. वाढदिवसाला त्याच्या डोक्यावर कागदी टोपी बसते. पहिल्या महिन्यांत त्याचीं जितकीं छायाचित्रें निघतात, तितकीं पुढच्या सबंध आयुष्यांत निघत नाहींत. मग पाऊस लागतो, पिलू मोठें होतें, वहाणा चावतें, पडवी घाण करतें, रात्रीं रडतें. नवलाई ओसरते. कोणी त्याला अंगणाच्या कोपऱ्यांत आखूड साखळीनें कायमचें जखडून ठेवितो; कोणी मोकळें सोडून देतो; आणि कोणी तर रात्रीच्या वेळीं लांबच्या मासळीबाजारापाशीं नेऊन सोडतो. कुत्र्याचें आयुष्य दहा ते चौदा वर्षांचें असतें, हा हिशेब पिलू आणतांना किती घरांत केला जातो?

इतरांस नांवें ठेवण्यापूर्वीं स्वतःची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमचा मोती हा गांवठी कुत्रा. तीन वर्षांपूर्वीं आषाढांत रस्त्याच्या मोरींत भिजत पडलेला सांपडला. आम्हीं त्याला वाढविलें, लस टोंचविली, पोटभर खाऊं घातलें. रात्रीं मात्र आम्ही त्याला मोकळा सोडीत असूं. बांधणें म्हणजे क्रूरता, अशी माझी ठाम समजूत होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

माघ महिन्यांतील एके दिवशीं सकाळीं मोती पडवीच्या पायरीवर कोंवळ्या उन्हांत निजला होता. माझ्या मुलीनें त्याचें छायाचित्र काढलें. नाकावर ओली वाळू, मिटलेले डोळे, पुढच्या पायाशीं पांढऱ्या कागदासारखें कांहीं तरी चिकटलेलें. चित्र खरोखर सुरेख आलें होतें. तिनें तें मैत्रिणींना पाठविलें, मींही चार सोबत्यांना पाठविलें, व सर्वांनीं वाहवा केली. सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो किनाऱ्यावर कांसवांच्या घरट्यांची राखण करतो. त्यानें खिशांतून एक फाटकें, मऊ, पांढरें कवच काढून पायरीवर ठेविलें आणि म्हणाला, "सर, रागावूं नका. आज पहाटे एक घरटें उकरलेलें दिसलें. पावलांचे ठसे तुमच्या वाडीकडे आले आहेत." मीं खिशांतला मोबाईल काढून तें सकाळचें चित्र पुन्हां पाहिलें. मोतीच्या पायाशीं चिकटलेलें तें पांढरें काय होतें, हें मग मला कोणी सांगावें लागलें नाहीं.

आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कांसवांच्या माद्या साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या वेळीं वाळूंत अंडीं घालण्यास येतात. एका घरट्यांत सुमारें शंभर अंडीं असतात, टेबलटेनिसच्या चेंडूएवढीं. मादी खड्डा बुजवून समुद्रांत निघून जाते. पुढें सुमारें दीड-दोन महिने तीं अंडीं केवळ वाळूच्या उबेवर असतात. मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें चिपळुणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं संरक्षणाचें काम सुरू केलें, व पुढें तें आपल्या बाजूच्या इतर किनाऱ्यांवरही पसरलें. अंडीं पहाटेच उचलून कुंपणांत नेऊन पुरावीं लागतात, तीं कोणापासून वांचवावीं म्हणून? माणसापासून, कोल्ह्यापासून आणि कुत्र्यापासून. माझा कुत्रा त्या यादींत होता, आणि मी मात्र त्याच्या मोकळेपणाचें कौतुक करीत बसलों होतों.

मीं मोतीला मारलें नाहीं. मारावें तरी कशासाठीं? वाळूखालचा वास घेणें हा त्याचा धर्म. त्याला त्या वेळीं तेथें जाऊं न देणें हा माझा. त्यानें आपलें इमान सोडलें नव्हतें; मींच माझें पाळलें नव्हतें.

आतां हें धन्याचें इमान म्हणजे काय, तें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. त्याचा पहिला भाग शिक्षण. कुत्र्याला शिकविणें म्हणजे त्याला धाकांत ठेवणें नव्हे. ज्या क्रियेनंतर लगेच चांगलें फळ मिळतें, ती क्रिया तो पुन्हां करतो, एवढेंच त्याचें शास्त्र आहे. 'बस' म्हटल्यावर तो बसला, तर त्याच क्षणीं शाबासकी किंवा भाकरीचा तुकडा मिळावा. पांच मिनिटांनीं दिलेलें बक्षीस कशाबद्दल होतें, हें त्याला कळत नाहीं. शिक्षेचेंही तसेंच. सकाळीं चावलेल्या वहाणेबद्दल दुपारीं मारलें, तर तो फक्त तुम्हांला भ्यायला शिकतो. आणखी एक गोष्ट: घरांतील सर्वांनीं एकच शब्द वापरावा. वडील 'बस' म्हणतात, दादा 'खालीं' म्हणतो, आणि आजी लाडानें ताटांतला घांस देते, अशा घरांतील कुत्रा अडाणी नसतो. घर अडाणी असतें. रोज दोन वेळां दहा-दहा मिनिटें पुरेत, पण तीं रोज हवींत. हें वाचतांना कांहीं पालकांना आपल्या मुलांचा अभ्यास आठवला, तर मला आनंदच होईल.

शिक्षणानें कुत्रा कोठवर पोंचतो, याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. मुंबई पोलिसांच्या पथकांत झंजीर नांवाचा एक लॅब्राडोर कुत्रा होता. त्याचें शिक्षण पुण्यास झालें होतें. १९९३ सालच्या भीषण स्फोटांच्या वेळीं त्यानें ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून दिलें. किती माणसें त्यामुळें वांचलीं असतील, याची मोजदाद कोण करणार? २००० सालीं तो वारला, तेव्हां त्याला सन्मानानें मूठमाती देण्यांत आली. फुलांनीं झांकलेल्या त्याच्या देहावर पोलीस अधिकारी पुष्पचक्र वाहत आहेत, असें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत काळा चष्मा नाहीं, कागदी टोपी नाहीं. परंतु कुत्रा आणि माणूस यांनीं एकमेकांशीं राखलेलें इमान त्यांत स्पष्ट दिसतें.

दुसरा भाग अन्न. नामदेवमहाराजांची पोळी कुत्र्यानें पळविली, तेव्हां ती कोरडी कशी खाईल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. ती वृत्ति आपल्या अंगीं यावी, हें खरेंच. पण दयेला ज्ञानाची जोड हवी. आपल्या जेवणांतील पुष्कळ पदार्थ कुत्र्याला घातक असतात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका हे त्याला कधींही देऊं नयेत. शिजविलेलीं हाडें मोडून त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात व ते घशांत किंवा आंतड्यांत रुततात. मासळीच्या कांट्यांचीही तीच गत. खारविलेली सुकी मासळी त्याच्यापुढें टाकूं नये. भात, कांटे काढलेली उकडलेली मासळी, अंडें, थोडी भाजी, हें मीठमसाल्यावांचून द्यावें. दोन महिन्यांच्या पिलाला थोडें थोडें तीन-चार वेळां, मोठ्या कुत्र्याला दोन वेळां, आणि पाणी सदैव. पिलाला आठ आठवड्यांच्या आंत आईपासून तोडूं नये. जात निवडतांनाही आपल्या हवेचा विचार करावा. भारतीय टपालखात्यानें २००५ सालीं चार देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळचा कुत्रा होता. घरचीं रत्नें असतांना बर्फांतला प्राणी कोंकणांत आणून घामेजल्या हवेंत कोंडणें यांत कसली प्रतिष्ठा?

तिसरा भाग छायाचित्राचा. छायाचित्र काढूंच नये, असें मी म्हणत नाहीं. तें उत्तम शिक्षण आहे. कुत्र्याच्या उंचीवर खालीं बसा, सकाळचें किंवा संध्याकाळचें मऊ ऊन घ्या, डोळ्यांवर झगझगीत प्रकाश पाडूं नका, आणि थांबा. जो थांबतो त्यालाच दिसतें कीं, कान मागें दुमडले, शेंपूट पोटाखालीं गेलें, तो पुन्हां पुन्हां जांभया देऊं लागला, म्हणजे त्याला भीति वाटत आहे. असा कुत्रा चावला, तर दोष त्याचा नसतो. छायाचित्र पाहून झाल्यावर त्यांत आपणांस काय दिसलें नाहीं, हेंही एकदां विचारावें. मला तें फार उशिरां सुचलें.

कोणी म्हणतील, "गांवचा कुत्रा गांवानें पोसावा, ही आपली जुनी रीत. बांधणें, टोंचणें हीं शहरी थेरें कशाला?" जुन्या रीतींत माया होती, हें मी मान्य करितों. परंतु आलर्क रोग मायेनें थांबत नाहीं. त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं, माणूस बहुधा वांचत नाहीं. आणि तरीही तो वेळेवर टोंचलेल्या लसीनें टळतो. १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं पॅरिस येथें जोसेफ माइस्टर नांवाच्या ९ वर्षांच्या मुलाला अशी लस टोंचून वांचविलें. १९०० सालीं कसौली येथें भारतांतील पहिली पाश्चर संस्था निघाली. असें असूनही आपल्या देशांत या रोगानें अद्याप हजारों माणसें मरतात, व त्यांत लहान मुलें पुष्कळ असतात. म्हणून मुलांनो, कुत्रा चावला वा त्याची नखें लागून रक्त आलें, तर घरीं लपवूं नका. जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवा, चुना-मिरची लावूं नका, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जा.

ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांस निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला, व थोड्याच दिवसांत तो बदलून, नसबंदी आणि लसीकरण केलेलीं निरोगी कुत्रीं मूळ जागीं सोडण्यास सांगितलें. यावर देशभर वाद माजला. त्या वादांत मला शिरावयाचें नाहीं. एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, रस्त्यावरील पुष्कळ कुत्र्यांच्या मागच्या पिढ्यांत कोठें तरी एक घर असतें. तेथें कोणी तरी पिलू आणलें होतें, त्याचें कौतुक केलें होतें, आणि मग दार लावून घेतलें होतें. न्यायालयापर्यंत गेलेला हा प्रश्न बराचसा आपल्या पडवींतच सुरू झालेला असतो.

पालकांस माझी नम्र विनंती आहे. मुलानें पिलू मागितलें, तर लगेच 'हो' म्हणूं नका आणि लगेच 'नाहीं'ही म्हणूं नका. एक महिनाभर त्याला पहाटे उठून शेजारच्या कुत्र्याला फिरवूं द्या, त्याचें पाण्याचें भांडें घासूं द्या. महिन्यानंतरही त्यानें मागितलें, तर अवश्य आणा. ज्या घरांत मूल एका मुक्या प्राण्याची जबाबदारी अखेरपर्यंत पार पाडतें, त्या घराला त्याच्या शीलाविषयीं वेगळी चिंता करण्याचें कारण उरत नाहीं.

मोती हल्लीं रात्रीं पडवींत लांब दोरीनें बांधलेला असतो. पहाटे मी त्याला घेऊन पुळणीवर जातों. गळपट्ट्याची दोरी माझ्या हातांत असते. पहिले आठ दिवस तो रडला व आम्हांलाही झोंप लागली नाहीं. आतां दोघांनाही संवय झाली आहे. यंदा सहामाहीला मीं निबंधाचा विषय थोडा बदलला आहे: 'मी माझ्या कुत्र्यासाठीं काय करतों?' उत्तरें लहान आलीं तरी चालतील. पण तीं खरीं असावींत.